अरण्यऋषि मारुती चितमपल्ली : शेतकऱ्यास उपयोगी असें एक चरित्र

शेतीच्या मासिकांत खतें, बीं-बियाणें, पाणी व बाजारभाव यांविषयीं मजकूर यावा हें योग्यच आहे. तथापि शेत म्हणजे केवळ नांगरलेली माती नव्हे. बांधावरील बाभूळ, तिच्यावर बसणारा कोतवाल, बिळांतील उंदीर, त्या उंदरावर टपलेलें घुबड आणि पलीकडच्या माळावरील टिटवी हीं सर्व शेताच्या नफ्यातोट्यांतील भागीदार आहेत. ह्या भागीदारांची ओळख नसलेला शेतकरी हा, आपल्या दुकानांत कोण येतो व कोण जातो हें न पाहणाऱ्या वाण्यासारखा होय. ही ओळख कशी करून घ्यावी हें शिकविणारे एक गृहस्थ आपल्या शेजारच्या सोलापुरांत होऊन गेले. ते म्हणजे कै. मारुती चितमपल्ली. १८ जून २०२५ रोजीं ते निवर्तले. त्यांची नुसती स्तुति करणें हा ह्या लेखाचा हेतु नाहीं. त्यांची काम करण्याची रीत बावडा व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांस कितपत उपयोगी पडेल, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

जन्म, शिक्षण व नोकरी

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सोलापूर येथें झाला. सोलापूर हें त्या काळीं गिरण्यांचें व मागांचें शहर. घरची भाषा तेलुगू, शाळेची व गांवाची मराठी. अशा ठिकाणीं जन्मलेला मुलगा पुढें मराठींतील वनविद्येचा आधार होईल, असें कोणास वाटलें नसतें. परंतु त्यांच्या आईस झाडांची व पाखरांची चांगली माहिती होती, आणि मामांबरोबर रानांत हिंडण्याची संधि त्यांस बाळपणींच मिळाली. पहिला धडा पुस्तकांतून न मिळतां घरच्या माणसांच्या तोंडून मिळाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें सर्व आयुष्यभर त्यांनीं तीच वाट धरिली.

१९५८ ते १९६० ह्या दोन वर्षांत कोइमतूर येथील वनशाळेंत शिक्षण घेऊन ते वनखात्याच्या सेवेंत रुजू झाले, व १९९० मध्यें सेवानिवृत्त झाले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून विदर्भाच्या रानापर्यंत त्यांच्या बदल्या झाल्या. कर्नाळ्याचें पक्षी अभयारण्य, नवेगांव बांधचें राष्ट्रीय उद्यान, नागझिऱ्याचें अभयारण्य व मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प यांच्या उभारणीशीं त्यांचें नांव जोडलेलें आहे. बदली ही सरकारी नोकरांस बहुधा शिक्षा वाटते. त्यांनीं प्रत्येक बदलीस नवी शाळा मानिलें. प्राचीन ग्रंथांत पशुपक्ष्यांविषयीं काय लिहिलें आहे हें मुळांतून वाचतां यावें म्हणून नोकरी करीत असतांच ते संस्कृत शिकले. हंसदेव नामक जैन पंडिताच्या 'मृगपक्षिशास्त्र' ह्या संस्कृत ग्रंथाचें मराठी भाषांतर हें त्याच परिश्रमाचें फळ होय.

'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'शब्दांचं धन' इत्यादि पुस्तकें, 'पक्षीकोश' हा मोठा कोशग्रंथ व 'चकवाचांदण' हें आत्मचरित्र अशी त्यांची ग्रंथसंपत्ति आहे. २००६ सालीं सोलापुरास भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. २०२५ मध्यें 'पद्मश्री' ही पदवी मिळाली, व त्याच वर्षीं सोलापुरांतच त्यांनीं देह ठेविला.

जाणत्यास विचारण्याची रीत

एवढें ज्ञान एका मनुष्यानें कसें मिळविलें? त्याचें उत्तर साधें आहे. ज्यास जें ठाऊक असेल त्यास तें विचारावयाचें, व ऐकलेलें त्याच दिवशीं टिपून ठेवावयाचें. गोंड, माडिया, कोरकू, ढीवर, फासेपारधी अशा ज्या लोकांस शाळेचें तोंड ठाऊक नव्हतें, त्यांच्यापाशीं हा अधिकारी शिष्याप्रमाणें बसे. आपण साहेब व ते अडाणी, हा भेद मनांत धरिला असता, तर त्यांची वही कोरीच राहिली असती.

आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील नवेगांव बांध येथील त्यांचा काळ ह्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा आहे. तेथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधिला असें परंपरा सांगते. कोहळी हे त्या भागांतील तलाव बांधण्यांत निष्णात असे शेतकरी. भाताच्या पाण्यासाठीं शेतकऱ्यांनीं घातलेला तो बांध पुढें असंख्य पाणपक्ष्यांचें आश्रयस्थान झाला. तेथेंच माधवराव पाटील डोंगरवार यांचा सहवास चितमपल्ली यांस लाभला. तलाव व रान माधवरावांस तळहाताप्रमाणें पाठ होतें. चितमपल्ली यांच्या लेखनांत त्यांचें नांव कृतज्ञतेनें येतें. आमच्या वाचकांनीं येथें थोडें थांबावें. वनाधिकाऱ्यास रान शिकविणारा हा गृहस्थ कोणी प्राध्यापक नव्हता. तो गांवचा पाटील होता. प्रत्येक गांवीं असा एखादा जाणता मनुष्य असतो. उणीव असते ती त्याच्यापाशीं वही घेऊन बसणाऱ्याची.

नांव म्हणजे माहिती

चितमपल्ली यांनीं शब्दांचा जो संग्रह केला, तो केवळ भाषेच्या हौसेनें केला असें समजूं नये. इंग्रजींत शब्द आहे आणि मराठींत नाहीं, असें आढळलें तर ते तो घडवीत. कावळ्यांच्या वसाहतीस 'काकागार' व बगळ्यांच्या वसाहतीस 'सारंगागार' हे शब्द त्यांनींच रूढ केले. परंतु त्याहून मोठें काम म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेलीं नांवें त्यांनीं वेंचून कोशांत घातलीं.

लोकांनीं ठेविलेल्या नांवांत पुष्कळ अनुभव सांठविलेला असतो. 'गव्हाणी घुबड' हें नांव घ्या. गव्हाण म्हणजे गुरांची वैरण टाकण्याची जागा. हें पांढऱ्या तोंडाचें घुबड गोठ्याच्या आढ्यांत व जुन्या वाड्यांत राहतें, कारण तेथें उंदीर असतात. हें सर्व त्या एका शब्दांत आलें. 'गायबगळा' गुरांच्या पायांपाशीं चालतो व त्यांच्या चालीनें उडालेले किडे टिपतो. 'कोतवाल' आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्यास व घारीस पिटाळून लावतो, म्हणून इतर लहान पाखरें त्याच्या आश्रयानें त्याच झाडावर घरटीं करितात. 'माळटिटवी' माळावर राहते, 'माळढोक' माळावर चरतो, 'तणमोर' उंच तणांत नाचतो. ज्यास हीं नांवें येतात त्यास पक्ष्याची राहणी अर्धी समजलीच. उलट, ज्या पिढीस केवळ 'एक पांखरूं' एवढेंच म्हणतां येतें, तिला तें पांखरूं मित्र कीं शत्रु हें कसें कळावें?

नीरा व भीमा यांमधील आपला मुलूख

आतां हीच दृष्टि आपल्या भागाकडे वळवूं. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि पूर्वेस नरसिंहपुरापाशीं दोहींचा संगम. बावडा हें ह्याच दोन नद्यांमधील गांव. पाऊस थोडा व लहरी. मूळचा हा मुलूख जिराईत ज्वारीचा, बाजरीचा व मेंढरांच्या माळांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा झाला. पुढें १९८० च्या सुमारास उजनीचें धरण पुरें झालें. आणि जेथें कुसळी व पवन्या उगवत होतें तेथें ऊंस उभा राहिला. ह्यांत शेतकऱ्यांचें कल्याण झालें हें कोणीही नाकारणार नाहीं.

पण पाण्यानें जसें दिलें तसें कांहीं नेलेंही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण व कुंभारगांव यांच्या आसपास आतां हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस पाण्याच्या कांठीं चरतात. तें पाहण्यास दूरदूरचे लोक येतात आणि तेथील नाविकांस त्यापासून चार पैसे मिळतात. नवेगांवच्या तलावाचें जें झालें तेंच येथें थोड्या काळांत झालें. दुसऱ्या बाजूस, माळ मात्र दिवसेंदिवस आकसत चालला आहे. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी व बारामती तालुक्यांतील शिरसुफळ येथील माळांवर चिंकारा, लांडगा व खोकड अद्याप टिकून आहेत. सुप्यास चिंकाऱ्यासाठीं मयूरेश्वर अभयारण्य आहे. परंतु ज्या माळढोकासाठीं सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य केलें, तो पक्षी महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसाच झाला आहे. माळढोक हा नाकतोडे व भुंगेरे खाणारा पक्षी. म्हणजे शेतकऱ्याचा फुकटचा राखणदारच. तो गेला, आणि आपल्या मुलुखांतील पुष्कळ घरांतून त्याचें नांवही गेलें.

माळाचें खरें ज्ञान धनगरांपाशीं आहे. कोणतें गवत मेंढरांस मानवतें, कोणत्या ओघळींत लांडग्याची वीण होते, टिटवीचीं अंडीं यंदा उंचवट्यावर आहेत कीं सखल जागेंत, हें त्यांस विचारावें. पण म्हातारे धनगर एकेक करून जात आहेत, आणि मुलें कारखान्यांत व शहरांत कामास लागलीं आहेत. माळ व माळाचें ज्ञान हीं दोन्ही एकदमच ओसरत आहेत. वाचक बंधूंनीं आमच्या बोलण्यांतील घाई ह्यावरून समजून घ्यावी.

नोंदीचा उपयोग : गिधाडांचें उदाहरण

कोणी म्हणेल, पाखरांची वही ठेवून शेतकऱ्याच्या पदरांत काय पडणार? ह्यास उत्तर म्हणून एकच गोष्ट सांगतों. पूर्वीं गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकिलें कीं घटकाभरांत गिधाडें उतरत व हाडें तेवढीं ठेवून जात. ती सफाई फुकट होती. १९९० च्या दशकांत गिधाडें कमी होऊं लागलीं. राजस्थानांत भरतपूर येथें डॉ. विभु प्रकाश यांनीं १९८० च्या दशकांत त्यांची मोजणी करून ठेविली होती. ती नव्या मोजणीशीं ताडून पाहतां, हा ऱ्हास किती भयंकर आहे हें जगास कळलें. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक गिधाडें थोड्या वर्षांत नाहींशीं झालीं होतीं. पुढें २००४ च्या सुमारास कारणही सांपडलें. गुरांच्या ताप-सुजेवर देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें औषध मृत जनावराच्या मांसांत राही, व तें खाणाऱ्या गिधाडाचें मूत्रपिंड निकामी होई. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं ह्या औषधास बंदी केली. २०२३ सालीं किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक ह्या दोन औषधांसही केली. त्याऐवजीं मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस अपाय करीत नाहीं असें ठरलें आहे.

ह्यांत बोध दोन प्रकारचा आहे. गिधाडें गेल्यावर मढीं उघड्यावर कुजूं लागलीं, भटकीं कुत्रीं माजलीं, आणि त्याचा उपद्रव शेळ्यामेंढ्यांस व माणसांस पोंचला. म्हणजे ज्या पक्ष्यास कोणी मित्र म्हणत नव्हतें, त्याचें मोल तो गेल्यावर कळलें. दुसरें असें कीं, जुनी मोजणी लिहिलेली होती म्हणूनच पुरावा देतां आला. 'पूर्वीं फार असत' एवढें बोलणें गांवोगांव ऐकूं येत होतें. पण बोलण्यावरून औषधास बंदी होत नाहीं, लिहिलेल्या आंकड्यावरून होते.

भोरड्यांचा हिशेब

आपल्या भागांतील शेतकऱ्यास सर्वांत अधिक राग येतो तो भोरड्यांचा. ज्वारीचीं कणसें दुधांत आलीं कीं हजारोंचा थवा उतरतो व गोफण फिरवून हात दुखूं लागतात. हा राग खोटा नाहीं. नुकसान खरेंच होतें. परंतु हिशेब पुरा मांडिला पाहिजे. भोरडी ही येथील रहिवासी नव्हे. ती मध्य आशियांतील गवताळ प्रदेशांत वीण करून पावसाळ्याच्या उत्तरार्धांत इकडे येते व चैत्राच्या सुमारास परत जाते. तिचा मोठा आहार नाकतोडे व टोळ हा आहे. चीनच्या शिंजियांग प्रांतांत टोळांच्या बंदोबस्तासाठीं सरकारनें ह्याच पक्ष्यांकरितां दगडांचीं घरटीं रचून दिलीं आहेत. म्हणजे एके ठिकाणीं जिला आपण हांकलतों, तिलाच दुसऱ्या ठिकाणीं आमंत्रण आहे.

आतां शेतकऱ्यानें पाहण्याची गोष्ट ही. आपल्या शिवारांत भोरड्या कोणत्या आठवड्यांत येतात? कणसें दुधांत येण्यापूर्वीं त्या काय खातात? थवा सायंकाळीं कोणत्या झाडींत वस्तीस जातो? ज्वारीचीं रानें तुटक राहिलीं म्हणजे सगळा थवा उरलेल्या चार रानांवर बसणार हें उघड आहे. तेव्हां शेजाऱ्यांनीं एकाच सुमारास पेरणी केल्यास नुकसान वांटलें जातें काय? हीं उत्तरें कोणत्याही पुस्तकांत सांपडावयाचीं नाहींत. बावड्याचीं उत्तरें बावड्याच्या वहींतच मिळतील.

पावसाच्या खुणांविषयींही असेंच म्हणतां येईल. पशुपक्ष्यांच्या व झाडांच्या वागण्यावरून रानांतील लोक पावसाचे जे अंदाज बांधतात, ते चितमपल्ली यांनीं आदरानें टिपून ठेविले. चातक आफ्रिकेंतून मोसमी वाऱ्याबरोबर येतो हें तर शास्त्रानेंही मान्य केलें आहे. कावळ्याचें घरटें झाडाच्या कोणत्या अंगास आहे, बहावा केव्हां फुलला, टिटवीनें अंडीं कोठें घातलीं, ह्या खुणा मात्र आंधळेपणानें मानूं नयेत व हंसण्यावारीही नेऊं नयेत. पर्जन्यमापकाच्या आंकड्याशेजारीं त्या दहा वर्षें लिहाव्या. मग जी खरी ठरेल ती ठेवावी व जी खोटी ठरेल ती सोडावी.

शेतकऱ्यानें काय करावें

ह्या चरित्रापासून घेण्यासारख्या गोष्टी आम्ही खालीं क्रमानें देतों.

१. घरांत एक जाड वही ठेवावी. तींत दिनांक, नक्षत्र, शेताचें नांव, पिकाची स्थिति, पाऊस, आणि दिसलेला पक्षी, प्राणी किंवा कीड असे रकाने पाडावे. रोज दोन ओळी पुरेत. जें डोळ्यांनीं पाहिलें तें आणि जें ऐकलें तें वेगळें लिहावें.

२. गांवांतील वृद्ध धनगर, कोळी, रामोशी व पारधी यांच्यापाशीं बसून पाखरांचीं, गवतांचीं व माशांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. शुद्ध करूं नयेत. सांगणाऱ्यास मान द्यावा. घरांतील स्त्रियांस विचारण्यास विसरूं नये. खुरपणी व वेंचणी करणाऱ्या स्त्रियांस पिकांतील अळी व घरटें आपल्या आधीं दिसतें.

३. सर्व बांध उघडे करूं नयेत. बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब यांपैकीं कांहीं झाडें बांधावर राखावीं. हरभऱ्यांत घाटेअळीसाठीं हेक्टरीं ५० पर्यंत पक्षीथांबे रोवावे, म्हणजे कोतवाल व साळुंक्या त्यांवर बसून अळ्या टिपतात. ज्वारींत दाणा भरूं लागला कीं थांबे काढून घ्यावे.

४. गव्हाणी घुबडास अपशकुनी समजून मारूं नये. मलेशियांत ताडतेलाच्या मळ्यांतून व इस्राएलांत शेतांतून उंदरांसाठीं ह्याच घुबडास पेट्या बांधून देतात. उंदरांस विष घालणें भाग पडल्यास मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावे. तसें न केल्यास विष घुबडाच्या व घारीच्या पोटांत जातें.

५. पाखरांसाठीं किंवा मोरासाठीं विषारी दाणा कदापि टाकूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो गुन्हा आहे, आणि शिवाय तो दाणा शेजाऱ्याच्या कोंबड्यांनींही खाल्ला जातो.

६. गुरांच्या वैद्याकडून औषध घेतांना त्याचें नांव विचारावें, व बंदी झालेलें औषध घेऊं नये.

७. गांवचें गायरान व माळ पडीक म्हणून मोकळा समजूं नये. तेथें कोणतें गवत केव्हां येतें, किती मेंढरें किती दिवस चरतात, ह्याचीही नोंद ग्रामपंचायतीपाशीं असावी. माळ विकण्याचा किंवा फोडण्याचा प्रश्न निघेल तेव्हां ती नोंद उपयोगीं पडेल.

८. वर्षाअखेर चार शेजाऱ्यांच्या वह्या एकत्र वाचाव्या. एकाच्या नजरेंतून जें सुटतें तें दुसऱ्याच्या वहींत असतें.

चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. ह्या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्र सरकारनें २०२० पासून 'पक्षीसप्ताह' म्हणून पाळण्याचें ठरविलें आहे. आपल्याकडे तो काळ रब्बी ज्वारी वितीएवढी वर आलेली असते तेव्हांचा. उजनीवर परदेशी पाखरें उतरूं लागलेलीं असतात, आणि भोरड्यांचे थवे तारांवर बसलेले दिसतात. वही सुरू करण्यास ह्याहून चांगला मुहूर्त नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं ती द्यावी व आजोबांस शेजारीं बसवावें. एकास अक्षर येतें, दुसऱ्यास नांवें येतात. अशा वह्या बावडा व आसपासच्या गांवांतून पांच-पंचवीस जरी झाल्या, तरी दहा वर्षांनीं ह्या मुलुखाच्या शेतीविषयीं इतरांकडून ऐकावयास जावें लागणार नाहीं; आपल्यापाशींच सांगण्यासारखें पुष्कळ असेल.